बेणे राखून ठेवा

पानिपत म्हटले की मराठी वाचकाला १४ जानेवारी १७६१ हा दिवस आठवतो. अन्नावाचून गांजलेले मराठी सैन्य त्या दिवशी रणात उतरले. आज त्याच पानिपत-कर्नालच्या सपाट प्रदेशात भात निघाल्यावर ऑक्टोबरात बटाटा लावतात. या लागवडीचा धडा असा, की जे खायचे त्याहूनही जे लावायचे ते अधिक जपावे.

१. बेण्याची निवड
बटाटा बहुधा बियांपासून नव्हे, तर कंदापासूनच लावतात. त्यामुळे मूळ कंदातील विषाणू नव्या पिकात उतरतो. म्हणून ४०-५० ग्रॅमचे निरोगी कंद निवडतात. शीतगृहातून काढलेले बेणे आठ-दहा दिवस सावलीत पसरून त्याला कोंब येऊ देतात. मोठा कंद चिरल्यास प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे राखतात व काप सुकू देतात.

२. योग्य समय
विषाणू पसरवतो तो मावा. पूर्वी मैदानात निरोगी बेणे टिकत नसे. ते डोंगरी भागातून आणावे लागे. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यावर उपाय शोधला. लागवड ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत करावी आणि मावा वाढण्यापूर्वी, डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत, पाला कापून टाकावा. हिरवागार पाला कापणे जिवावर येते, कारण कंद अजून पोसले असते; पण थोडे उत्पन्न सोडल्याने पुढील वर्षाचे बेणे वाचते. मंचर आणि सातगाव पठारावरील शेतकरीही उत्तरेतून आलेल्या बेण्यावर विसंबतात.

३. आयर्लंडचा इशारा
आयर्लंडमधील कुटुंबे अरुंद, उंच वाफ्यांवर फोडी लावीत. उत्तम शुक्रवारी थोडे तरी लावणे शुभ मानीत. परंतु गरिबांची सारी भिस्त ‘लंपर’ या एकाच जातीवर होती. १८४५ साली करपा आला आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मरण पावली; तितक्याहून अधिक देशोधडीला लागली. १८४७ साली रोग ओसरला होता, तरी पीक अपुरेच आले. कारण भुकेल्यांनी बेणेही खाऊन टाकले होते. त्यांना दोष कोण देईल?

बोध
दुष्काळात केवळ धान्य पोहोचवणे पुरेसे नाही. पोटाला घास आणि शेताला बेणे, दोन्ही वेळेवर मिळाली तरच घर पुन्हा उभे राहते.

मननासाठी प्रश्न
१. आपली मंडळी मदत देताना पुढील हंगामाचा विचार करते काय?
२. उद्यासाठी आज आपण कोणता हिरवा पाला कापावयास तयार आहोत?