छत्तिशीत डॉक्टरकी: अर्ज कुठे करावा?

प्रश्न : पुण्यातून बी.ई., दहा वर्षे डॅलसमध्ये नोकरी, ग्रीनकार्ड आहे. आता वैद्यकीय शिक्षण घ्यायचे आहे. कोणती कॉलेजे निवडावीत?

उत्तर : वय ही अडचण नाही; अमेरिकेत तिशी-चाळिशीतले विद्यार्थी एम.डी.ला असतात. खरी अडचण पुण्याच्या पदवीची. बहुतेक कॉलेजांना अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या मान्यताप्राप्त संस्थेतले शिक्षण लागते. तुमच्या टेक्सासमध्ये त्याचे निदान ९० क्रेडिट मागतात. म्हणजे यादी करण्याआधी जीवशास्त्र, रसायनशास्त्र यांचे वर्ग, तेही नोकरी सांभाळून. कम्युनिटी कॉलेज स्वस्त पडते, पण तिथले क्रेडिट चालतात का, हे त्या त्या वैद्यकीय कॉलेजला आधी विचारलेले बरे.

ग्रीनकार्ड ही मोठीच जमेची बाजू. व्हिसावरच्या अर्जदारांना अनेक कॉलेजे दारातही उभे करत नाहीत.

राहता राहिली यादी, आणि तिथे नशीब चांगले आहे. टेक्सासच्या सरकारी वैद्यकीय कॉलेजांत राज्याबाहेरच्यांना जेमतेम दहा टक्के जागा, म्हणून यूटी साउथवेस्टर्नसारखी घरची कॉलेजे आधी. टीएमडीएसएएस या राज्याच्या अर्जव्यवस्थेत कॉलेजे कितीही निवडली तरी शुल्क एकदाच. देशव्यापी एएमसीएएसमध्ये प्रत्येक कॉलेजाला वेगळे पैसे. ऑस्टिओपॅथीची डी.ओ. कॉलेजेही वगळू नयेत. तिथला पदवीधरही पूर्ण परवानाधारक डॉक्टर होतो, हे नातेवाइकांना मात्र समजावून सांगावे लागेल. नावाजलेल्या कॉलेजांची एक-दोन नावे हौसेखातर ठेवावीत, पण एमकॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण हाती आल्यावरच.