सरकारी कर्जातले सरकार किती?

घर घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: ‘सरकारी होम लोन कुठे मिळतं?’ या प्रश्नातला ‘सरकारी’ हा शब्दच पुढच्या अनेक चुकांची सुरुवात करतो, असे माझे ठाम मत आहे. सरकार घरासाठी कर्ज देत नाही. कर्ज बँक देते किंवा गृहवित्त कंपनी देते. व्याजदर तीच ठरवते, हप्ताही तीच वसूल करते आणि हप्ते थकले तर दारावर नोटीसही तीच लावते. सरकार त्या कर्जाच्या एका मर्यादित तुकड्यावर व्याजाचे अनुदान देते, तेही अटी पाळल्या तर. म्हणून ज्यांच्यापुढे सहीसाठी कागद आले आहेत त्यांना माझे सांगणे एवढेच, की हिशेब मांडताना अनुदान शून्य धरा. तरीही घर झेपत असेल तर कर्ज घ्या, आणि मग अनुदानाचा एकेक रुपया हक्काने मिळवा. अनुदान धरल्याशिवाय झेपतच नसेल, तर ते घर आज आपल्या आवाक्यातले नाही.

हे अनुदान नेमके किती असते ते आधी पाहू. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) जून २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्या व्याज अनुदानात वार्षिक ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला पहिल्या ६ लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के सूट होती आणि जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार रुपये एकदम कर्जखात्यात जमा होत. मध्यम उत्पन्न गटासाठी ती योजना मार्च २०२१ मध्ये संपली, उरलेल्यांसाठी मार्च २०२२ मध्ये. तरीही ‘अडीच लाख सबसिडी’ हे शब्द लोकांच्या तोंडी आणि जाहिरातींत अजून आहेत. १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्याचे आकडे वेगळे आहेत. उत्पन्न वर्षाला ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि घराचे चटई क्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत असावे लागते. पहिल्या ८ लाखांवर, जास्तीत जास्त १२ वर्षांच्या मुदतीसाठी ४ टक्के अनुदान धरले जाते. ही रक्कम फार तर १ लाख ८० हजार होते आणि ती पाच वार्षिक हप्त्यांत येते. म्हणजे ‘व्याज ४ टक्क्यांनी कमी’ हे ऐकून २५ लाखांच्या कर्जाचा दर साडेआठवरून साडेचारवर येईल असे कुणी समजत असेल, तर तो गैरसमज आजच दूर झालेला बरा.

आता कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करू. २५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २१,७०० रुपये पडतो आणि २० वर्षांत केवळ व्याजापोटी २७ लाखांहून जास्त रक्कम जाते. त्यापुढे १ लाख ८० हजार म्हणजे व्याजाच्या रुपयातले साडेसहा-सात पैसे. हेच कर्ज एखाद्याने साडेनऊ टक्क्यांनी घेतले, कारण तिथल्या एजंटने ‘सबसिडीचं काम आमच्याकडे पक्कं’ असे सांगितले होते. त्याचा हप्ता सुमारे २३,३०० रुपये होईल. महिन्याचा फरक दिसायला १,६०० रुपयांचा आहे, पण २० वर्षांत तो ३ लाख ८५ हजारांवर जातो. यावर कुणी म्हणेल की अनुदान पहिल्या पाच वर्षांत मिळते आणि जादा हप्ता २० वर्षांत पसरलेला असतो, तेव्हा दोन्ही रुपये सारखे कसे धरायचे? आक्षेप रास्त आहे. म्हणून साडेआठ टक्के दराने दोन्ही रकमांचे आजचे मोल काढले. जादा हप्त्यांचे ते सुमारे १ लाख ८५ हजार भरते आणि पूर्ण अनुदानाचे सुमारे दीड लाख. एका टक्क्याचा फरक सगळे अनुदान खाऊन वर हात मारतो. म्हणून ‘अनुदान कुणाकडे लवकर मिळेल’ या प्रश्नाच्या आधी ‘दर कुणाचा कमी आणि तो कशावर ठरतो’ हे विचारायला हवे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची घरकर्जे रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरासारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली आहेत, त्यामुळे रेपो उतरला की कर्जदाराला फायदा दिसतो. गृहवित्त कंपन्यांवर तसे बंधन नाही. एवढा एक फरक माहीत असला तरी दोन ठिकाणचे कागद शेजारी ठेवून वाचता येतात.

यावर दुसरा आक्षेप येतो तो जास्त वजनाचा आहे. ज्याचे कर्जच ८ लाखांचे आहे त्याच्यासाठी हे अनुदान लहान कसे? खरेच, ते लहान नाही. ८ लाखांचा २० वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी सुमारे ६,९०० रुपये होतो, आणि पाच वर्षांत वाटलेले १ लाख ८० हजार म्हणजे महिन्याला सरासरी ३,००० रुपये. महिना २५ हजार मिळवणाऱ्या घराला हा मोठा आधार आहे आणि योजनेचा खरा उपयोग अशा घरांनाच आहे. पण यातून निघणारा अर्थ माझ्या म्हणण्याला पुष्टीच देतो. कर्ज जितके लहान तितके अनुदान कामाचे, आणि अनुदान मिळणार म्हणून कर्ज वाढवले की त्याचे बळ तिथेच ओसरते. शिवाय पाच वर्षांनी अनुदान थांबते, हप्ता थांबत नाही. मुलांच्या शाळेचा खर्च, घरातल्या वडीलधाऱ्यांचे आजारपण हे बहुधा त्यानंतरच्याच वर्षांत वाढते. अनुदानाची रक्कम कर्जखात्यात जमा होते, हातात येत नाही. ती जमा झाल्यावर हप्ता कमी होणार की मुदत, हे बँकेकडून लेखी घ्या.

अनुदान हातात येत नाही, ही गोष्ट सुरुवातीच्या पैशांच्या वेळी सर्वांत जास्त बोचते. २८ लाखांचे घर धरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या घरकर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळू शकते, म्हणून २५ लाख कर्जातून आले तरी ३ लाख स्वतःचे लागतात. त्यावर महाराष्ट्रातल्या शहरांत सहा-सात टक्के मुद्रांक शुल्क आणि एक टक्का नोंदणी फी, आणि हा खर्च या किमतीच्या घराला कर्जाच्या हिशेबात धरता येत नाही. सात टक्क्यांनी मोजले तर आणखी सव्वादोन लाख. बाईच्या नावावर घर घेतले तर राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे, ती जरूर घ्यावी. तरीही पाच लाखांच्या आसपास रोख उभी करावी लागते, आणि तेव्हा अनुदानाचा पहिला रुपयाही आलेला नसतो. बिल्डरच्या पत्रकात किमतीतून अनुदान वजा करून दाखवलेली ‘प्रभावी किंमत’ म्हणूनच फसवी आहे. त्या किमतीवर विसंबून उरलेली तूट वैयक्तिक कर्जाने किंवा सोने गहाण टाकून भरली की एका घरासाठी दोन हप्ते सुरू होतात, आणि दुसऱ्याचा व्याजदर पहिल्यापेक्षा बराच चढा असतो.

‘उद्या हप्ते थकले तर सरकार सांभाळून घेईल ना?’ हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात. त्याचे उत्तर मात्र स्पष्ट शब्दांत द्यायला हवे: नाही. कमी उत्पन्नाच्या घरकर्जांसाठी सरकारने हमी निधी उभारला आहे आणि २०२४ मध्ये त्याची रक्कम १,००० कोटींवरून ३,००० कोटींवर नेली. पण ही हमी कर्ज देणाऱ्याला आहे. बँकेने छोट्या माणसाला कर्ज देताना कचरू नये एवढाच तिचा हेतू आहे. अमेरिकेत फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन १९३४ पासून घरकर्जांचा विमा उतरवते. तिथे विम्याचा पैसा कर्जदार भरतो आणि कर्ज बुडाले तर भरपाई सावकाराला मिळते. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही हे ध्यानात ठेवावे. हमी बँकेचे नुकसान भरून काढते, कर्जदाराचे देणे त्याने फिटत नाही. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खाते थकीत ठरते, २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते आणि तेवढ्यात तोडगा निघाला नाही तर बँक घराचा ताबा घेऊ शकते. चालू अनुदानासाठीही खाते नियमित असावे लागते. त्यामुळे अडचण दिसताच, पहिला हप्ता चुकण्याआधीच, शाखेत जाऊन मुदतवाढीबद्दल लेखी अर्ज द्यावा. थकल्यावर बोलण्यापेक्षा आधी बोलणे केव्हाही सोपे.

पात्रतेच्या अटींबद्दल एक गोष्ट बजावून सांगायची आहे. पती, पत्नी आणि अविवाहित मुले मिळून एक कुटुंब धरतात, आणि त्यांतल्या कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्के घर नसावे. शहरात भाड्याने राहतो, म्हणून गावाकडचे नावावर असलेले पक्के घर मोजत नाहीत, असे नाही. गेल्या २० वर्षांत सरकारी घरकुलाचा लाभ घेतलेलाही चालत नाही. ‘शपथपत्रावर सही करा, कोण बघतंय’ असा सल्ला देणारा पुढे जबाबदारी घ्यायला येत नसतो, सही आपली असते. अनुदान सुरू असताना कर्जाचे निम्म्याहून जास्त मुद्दल शिल्लक असावे, अशीही अट आहे. म्हणून बोनस किंवा भविष्यनिर्वाह निधीतून मोठी रक्कम भरण्याआधी, आणि कर्ज दुसऱ्या बँकेत हलवण्याआधी, उरलेल्या अनुदानाचे काय होईल हे विचारून घ्या. साडेआठ टक्क्यांचे आठ वर्षांचे कर्ज नियमित फेडले तरी पाचव्या वर्षाच्या अखेरीस मुद्दल ४६ टक्क्यांच्या आसपास येते, हे मुदत निवडतानाच दिसायला हवे. तरीही अनुदानाच्या एखाद्या हप्त्यासाठी जवळचा पैसा अडवून व्याज भरत राहणे नेहमीच फायद्याचे असते असे नाही. दोन्ही आकडे मांडून ठरवावे.

शेवटचा गैरसमज म्हणजे ‘बँकेने कर्ज दिलं, योजनेत बसलं, मग घराचे कागद चोखच असणार.’ बँक कागद तपासते ते आपला पैसा वसूल होईल ना हे पाहण्यासाठी. ताबा वेळेवर मिळेल का, शेवटचा मजला मंजूर नकाशात आहे का, ही काळजी घर घेणाऱ्याची. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, तिथे दिलेली पूर्णत्वाची तारीख, आणि करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे न देण्याचा नियम, या तीन गोष्टी कुणालाही तपासता येतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ नावाचा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा असतो. त्यात फी, विमा असे सगळे धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तो मागून घ्या, घरी आणा, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोन रकाने आखा. एकात घरखर्च वजा करून महिन्याला उरणारी रक्कम लिहा, दुसऱ्यात अनुदान न धरता येणारा हप्ता आणि दर एक टक्का वाढला तर होणारा हप्ता. पहिला रकाना दुसऱ्यातल्या मोठ्या आकड्याला पुरत असेल तर निर्धास्त सही करा आणि दुसऱ्याच दिवशी अनुदानाचा अर्ज भरा. पुरत नसेल तर लहान घर बघा किंवा वर्षभर पैसे साठवा. पाच वर्षांनी अनुदान संपेल, त्या दिवशीही तो हप्ता घरातल्या कमाईतूनच जायचा आहे.