तोडणी कामगाराचा मालक कोण?



गळीत हंगाम आला की आपल्या डोळ्यांपुढे तीन गोष्टी असतात : तोडीची तारीख, टनेज आणि पहिला हप्ता. फडात कोयता चालवणाऱ्या माणसाचा विचार मात्र राहून जातो. आज तो करू.

या माणसाचा मालक कोण? कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी नुसता टोळी आणणारा. आणि आपण म्हणतो, टोळी कारखान्यानं धाडली, आपला काय संबंध? पण ऊसबिल नीट पाहा. तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच उसाच्या दरातून वजा होतो. मजुरी आपली आणि कारखानाही आपला, मग मालकपण दुसऱ्या कुणाचे असणार?

आता उचल समजून घेऊ. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल देतो आणि तोडलेल्या टनांवर ती फेडून घेतो. एक दिवस काम चुकले की खाडा धरतात. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढल्या वर्षावर जाते.

हे आपल्याला नवे नाही. १८७५ साली श्रीगोंदे, पारनेर, कर्जत भागांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खते हिसकावून जाळली होती. पुढे १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीस प्रवरा कारखाना उभा राहिला, त्यामागेही शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवण्याची तळमळ होती. पाटाचे पाणी आले तिथला शेतकरी सुटला. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू गावांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून माणसे अजून उचलीवर येतात. जिल्हा एकच आहे, फरक पाण्याचा आहे.

खाड्याची किंमत काय पडते? बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. २०१९ साली हा विषय विधिमंडळात गाजला. दुखणे अंगावर काढायचे आणि कामही बुडवायचे नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

आपण म्हणाल, "टोळीवाले खुशाली मागतात, मुकादम उचल घेऊन पळतो, त्याचं काय?" तक्रार खरी आहे. पण ज्या व्यवहारात लेखी काहीच नसते, तिथे दोन्ही बाजूंची फसवणूक होते. म्हणून उपायही दोघांच्या सोयीचे हवेत :

१. उचल, टनेज आणि बाकी यांची चिठ्ठी दर पंधरवड्याला प्रत्येक कोयत्याला मिळावी. मजुरी शक्यतो नवरा-बायको दोघांच्या नावे बँकेत जमा व्हावी.

२. आजारपण व बाळंतपण यांचा खाडा धरू नये.

३. खुशाली बंद करायची तर दर पुरेसा हवा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती कोयत्यापर्यंत पोचली का, हे संचालक मंडळाला विचारावे.

४. तळावर प्यायचे पाणी, दिवाबत्ती व संडासाची सोय असावी. फडावर पाण्याचे पिंप ठेवणे शेतमालकाला अवघड नाही.

५. टोळीतली मुले गावच्या शाळेत बसवावीत. मोठ्या मुलांसाठी शासनाची संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, तिची माहिती मुकादमामार्फत द्यावी.

१९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद केली. कर्ज आहे म्हणून माणसाला कामावर डांबता येत नाही, हे प्रत्येक सभासदाने ध्यानात ठेवावे.

नीट हिशेब मिळालेली टोळी पुढल्या साली आपणहून येते आणि ऊसही बुडख्यापासून तोडते. पुढच्या गटसभेत या पाच मुद्द्यांवर चर्चा करावी आणि ठराव लिहून कारखान्याकडे पाठवावा.