बारा वर्षांचं एक वाण

नीटचा निकाल लागला की नांदेडच्या विष्णुपुरीत माझ्याकडे पालकांची रीघ लागते. जवळच शंकरराव चव्हाण मेडिकल कॉलेज, तिकडे गुरू गोविंदसिंघजी इंजिनिअरिंग. या दोन फाटकांपलीकडे तिसरा रस्ता आहे, हे पालकांच्या कानावर घालायला अर्धा तास जातो. मागे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. म्हणाले, "सर, ॲग्री केलं तर पोरगं फिरून रानातच येणार ना? मग शिकवायचं कशाला?"

मी विचारलं, "यंदा काय पेरलंय?"

"सोयाबीन. एकशे बासष्ट. मधी तुरीच्या वळी, सातशे अकरा."

नंबर तोंडपाठ होते. ते नंबर कोणी दिले, हे मात्र ठाऊक नव्हतं. एमएयूएस 162 हे वाण परभणीच्या कृषी विद्यापीठाचं. 'एमएयू' म्हणजे मराठवाडा ॲग्रिकल्चरल युनिव्हर्सिटी, विद्यापीठाचं जुनं नाव. या झाडाच्या शेंगा जमिनीपासून जरा वर लागतात, त्यामुळे हार्वेस्टर घालता येतो. बीडीएन 711 ही तूर बदनापूरच्या संशोधन केंद्राची. ती जुन्या वाणांपेक्षा लवकर येते, म्हणून रानातली ओल आटायच्या आत दाणा भरून घेते. ज्या लातूरला 2016 साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं तीन आठवडे आधी काढणीला येणं म्हणजे काय, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. खत वाढवलं नाही, पाणी वाढवलं नाही. बदललं ते फक्त बी. शाश्वत शेती म्हणून जे सांगतात, त्यातला मोठा वाटा असा पिशवीत बांधून येतो.

असं नवं बी घडवणाऱ्याला पैदासकार म्हणतात.

परभणी क्रांती भेंडीचंच बघा. पुसा सावनी ही चांगली भेंडी, पण केवडा रोगानं पानं पिवळी पडून प्लॉटच्या प्लॉट जायचे. परभणीच्या जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी तिचा संकर भेंडीच्या एका रानटी भाईबंदाशी केला. रानटी झाडात रोगाशी झुंजायची ताकद होती, पण फळ बाजारात नेण्यासारखं नव्हतं. म्हणून संकरातून आलेली झाडं पुन्हा पुसा सावनीशी जुळवायची, रोग न लागलेली तेवढी ठेवायची, बाकी उपटायची. असं पिढ्यानपिढ्या केल्यावर 1980च्या दशकात परभणी क्रांती शेतकऱ्याच्या हातात आली. साधारणपणे पहिल्या संकरापासून वाण प्रसारित होईपर्यंत दहा-बारा वर्षं जातात. ज्याला महिन्याला निकाल हवा, त्यानं इकडे फिरकू नये.

आपल्या नांदेडचं उदाहरण तर घरचंच. इथल्या कापूस संशोधन केंद्राचं एनएचएच 44, म्हणजे 'नांदेड 44'. रसशोषक किडींना दाद न देणारं, कोरडवाहूत तगणारं. 2002 नंतर बीटी कापूस आला आणि हे वाण मागे पडलं. पुढे विद्यापीठ आणि महाबीज यांनी त्याच नांदेड 44 मध्ये बीटी जनुक आणलं. जनुक बाहेरून आणता येतं. ते घालायला मुळात झाड दणकट लागतं, आणि ते पैदासकारानंच तयार केलेलं असतं. जैवतंत्रज्ञानाच्या नादात पोरं ही गोष्ट विसरतात.

आता वाट. बारावी सायन्सनंतर एमएचटी-सीईटी, मग चार वर्षांचं बीएस्सी ॲग्री. शेतकऱ्याच्या मुलांना सातबाऱ्यावर गुणांचा अधिभार मिळत आला आहे. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचून कागद आधीच काढून ठेवा. नुसत्या बीएस्सीवर कोणी पैदासकार होत नाही. आनुवंशिकी व वनस्पती पैदासशास्त्रात दोन वर्षांचं एमएस्सी हवं, संशोधन करायचं तर पीएचडीही. इथं बरेच जण फसतात: साधं बीएस्सी बॉटनी करून कृषी विद्यापीठाच्या एमएस्सीला जाऊ म्हणतात, आणि तिथं बहुतेक जागांना ॲग्रीची पदवी मागतात. बायोटेकचीच ओढ असेल तर लातूरला परभणी विद्यापीठाचंच विलासराव देशमुख कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे.

नोकरीचं खरं सांगतो. विद्यापीठांतली भरती रखडत चालते. तिच्या भरवशावर लग्न ठरवू नका. मोठी मागणी बियाणे कंपन्यांत आहे. आपल्याला जवळचं जालना हे बियाण्याचंच गाव. महिको तिथलीच, आणि तिचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांना 1998 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हैदराबादजवळचं आंतरराष्ट्रीय पीक संशोधन केंद्र इक्रिसॅट नांदेडहून एका रात्रीच्या अंतरावर आहे. काम मात्र उन्हातलं, चिखलातलं, आणि वहीत रोज नोंद करायचं.

पोराला हे जमेल का, याची परीक्षा क्लासमध्ये होत नाही. त्या गृहस्थांना मी सांगितलं, परसात दोन वाफे करा: एक हिरव्या भेंडीचा, एक लाल भेंडीचा. उद्या उमलणारी हिरवीची कळी आज संध्याकाळी हेरायची. ब्लेडनं बुडाशी अलगद गोल चीर देऊन पाकळ्या आणि पुंकेसर उतरवायचे, आतला स्त्रीकेसर दुखवायचा नाही. वर कागदाची पिशवी, देठाला दोरा, चिठ्ठीवर तारीख. सकाळी लाल भेंडीच्या फुलातला पराग त्या स्त्रीकेसरावर टेकवायचा. पहिल्या दहा कळ्यांतल्या बऱ्याच गळतात. एखादं फळ धरलं तर वाळू द्यायचं, बी जपायचं, पुढच्या हंगामात लावायचं, त्याचं बी त्याच्या पुढच्या हंगामात. त्या तिसऱ्या हंगामातल्या वाफ्यात काही झाडं लाल, काही हिरवी निघतात, उंचीही सारखी नसते.

बाप हसून म्हणाले, "म्हणजे दीड वर्ष भेंडीच?" पोरगं तोवर लाल भेंडीचं बी कुठं मिळेल ते मोबाईलवर शोधत होतं.