मोळी उचलणारा खांदा

हंगाम सुरू झाला की कोयता, मोळी, ट्रॉली, सारा भार खांद्यावर. तो सांधा चालतो कसा, ते पाहू.

मांडीचे हाड खोल खोबणीत बसते. खांद्याचे तसे नाही. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि फऱ्यावरची वाटी उथळ. बशीत लिंबू ठेवावे तशी गत. म्हणून हात चहूकडे फिरतो, आणि निखळतोही. त्याला जागेवर धरतात फऱ्यापासून निघालेले चार लहान स्नायू. बाहेरून ते दिसत नाहीत, म्हणून त्यांची आठवण कुणाला होत नाही!

हात वर नेतो तो खांद्यावरचा तिकोनी स्नायू. कोयता खाली आणतात छातीचा पंख्यासारखा मोठा स्नायू आणि पाठीचा रुंद स्नायू. तालमीत जोर मारून छाती भरते ती याच छातीच्या स्नायूने. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले, त्यामागे तालमीतली असलीच मेहनत होती.

आता दुखण्याचे. त्या चारांतल्या वरच्या स्नायूची कंडरा फऱ्याच्या हाडाखालून जाते. मोळी डोक्यावर चढवताना हात सारखा वर गेला की ती तिथे चेपते. मग हात बाजूने उचलवत नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. अशा वेळी मोळी लहान बांधा, उचलायला जोडीदार घ्या. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हात दिवसेंदिवस गळ्यात बांधून ठेवू नका. सांधा आखडतो, मधुमेह असेल तर जास्तच. पडल्यावर हात उचलेचना, तर चोळत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. आपल्या फडातल्या टोळीलाही हे सांगा; मोळ्या जास्त तेच उचलतात.