दंड भरले म्हणून कुस्ती सोडायची?

प्रश्न : वय १९, कुस्ती खेळते. दंड-खांदे भरलेत. 'पुरुषी दिसतेस, लग्न कसं जमायचं?' म्हणून आत्या टोकते. सराव सोडू का?
– एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : मुळीच नको. सरावानं बाईचा पुरुष होत नाही. कारण पुरुषी ठेवण देणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बायकांत पुरुषांपेक्षा फारच कमी असतं. २०२३ मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, ती काय नाजूक दंडांवर? बारीक दिसायचं म्हणून जेवण तोडू नकोस. भाकरी, डाळ, शेंगदाणे, चालत असतील तर अंडी पोटभर खा. तालमीत कुणी दिलेली पावडर किंवा इंजेक्शन मात्र घेऊ नकोस. त्यात स्टेरॉइड असलं तर आवाज घोगरा होतो आणि बहुधा तसाच राहतो. पाळी तीन महिने आली नाही तर जिल्हा रुग्णालयात दाखव. आणि आत्याला एकदा तुझी कुस्ती बघायला ने.