आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षक : ते काय पाहतात, आणि त्यांच्यावर किती विसंबायचं?



आजच्या पाठाची सुरुवात माझ्याच एका चुकीने करते. गेल्या वर्षी शाळेत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक घेतली. खोक्याला पांढरा कागद चिकटवून मतपेटी केली, बोटाला शाई म्हणून निळा स्केचपेन, आणि सातवीच्या दोन मुलांना 'निरीक्षक' नेमून गळ्यात ओळखपत्रं घातली. दोघांनी काम चोख केलं. रांग मोडू दिली नाही, कुणाला दोनदा मत देऊ दिलं नाही, पेटी आधी उलटी करून सगळ्यांना दाखवली. मतदान संपलं आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली. वेळ वाचवायचा म्हणून मी पेटी उचलून ऑफिसात नेली, एका सहकारी बाईंच्या मदतीने चिठ्ठ्या मोजल्या आणि सुट्टीनंतर निकाल सांगून टाकला.

हरलेली मुलगी चौथीतली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, मोजताना निरीक्षक कुठं होते?"

निरीक्षक खिचडी खात होते.

त्या दिवशी मला केनियाची २०१७ सालची निवडणूक आठवली. तिथे नेमकं हेच झालं होतं, फक्त कोट्यवधी मतदारांच्या बाबतीत. निवडणूक निरीक्षक हा विषय समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आधी निरीक्षक म्हणजे कोण ते पाहू

आपल्याकडे 'निवडणूक निरीक्षक' म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते दुसऱ्या राज्यातून आलेले आयएएस अधिकारी. लाल दिव्याची गाडी गेली, पण दरारा तोच! ते भारतीय निवडणूक आयोगाने नेमलेले असतात आणि त्यांना अधिकार असतात. आंतरराष्ट्रीय निरीक्षक वेगळे. युरोपीय संघ, आफ्रिकी संघ, राष्ट्रकुल, अमेरिकेतलं कार्टर सेंटर अशा संस्था यजमान देशाच्या निमंत्रणावरून माणसं पाठवतात. ही माणसं मतदान थांबवू शकत नाहीत, पेटी सील करू शकत नाहीत, फेरमतदानाचा आदेश देऊ शकत नाहीत. चूक दिसली तरी मध्ये पडायचं नाही, नोंद करायची आणि नंतर जाहीर सांगायचं. २७ ऑक्टोबर २००५ रोजी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत या कामाची तत्त्वं ठरवणारा एक जाहीरनामा स्वीकारला गेला, त्यातही मुख्य गोष्टी याच आहेत: निःपक्षपातीपणा, हस्तक्षेप नको, आणि जे पाहिलं ते उघड सांगायचं.

म्हणजे निरीक्षक हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. मुलांना शिकवताना मी हे वाक्य फळ्यावर लिहिते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

निरीक्षक दोन प्रकारचे असतात. काही जण मतदानाच्या कित्येक आठवडे आधी येऊन राहतात. मतदारयाद्या, प्रचार, प्रसारमाध्यमं, कोर्टकचेऱ्या सगळं पाहतात. बाकीचे मतदानाच्या आधी काही दिवस येतात आणि त्या दिवशी केंद्राकेंद्रांवर फिरतात. टीव्हीवर दिसतात ते बहुतेक हे दुसरे. जाकीट घातलेले, हातात वही.

केनिया, ऑगस्ट २०१७

केनियाला निवडणुकीची भीती बसलेली होती. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर तिथे दंगली उसळल्या, हजाराहून जास्त माणसं मारली गेली, लाखो लोक घर सोडून पळाले. गंमत म्हणजे (गंमत कसली, पण आपण असंच म्हणतो) त्या वेळी युरोपीय संघाच्या निरीक्षकांनी मोजणीबद्दल शंका स्पष्ट बोलून दाखवली होती. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाला खरंच कोण जिंकलं हे ठरवताच आलं नाही.

त्यामुळे ८ ऑगस्ट २०१७ च्या मतदानावर सगळ्यांचं लक्ष होतं. एका बाजूला राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा, दुसऱ्या बाजूला रायला ओडिंगा. मतदानाच्या काही दिवस आधीच निवडणूक आयोगाच्या संगणक विभागातले वरिष्ठ अधिकारी ख्रिस मसांडो यांचा खून झालेला होता. तणाव किती असेल कल्पना करा.

तिथली पद्धत नीट समजून घ्या, कारण खरा मुद्दा तिथे आहे. केनियात मतदान कागदी मतपत्रिकेवर होतं आणि मोजणी त्याच केंद्रावर, त्याच रात्री, पक्षांच्या प्रतिनिधींसमोर होते. आकडे '३४ ए' नावाच्या फॉर्मवर लिहितात, प्रतिनिधी सह्या करतात. या फॉर्मचा फोटो आणि आकडे यंत्रातून वर पाठवायचे. मतदारसंघात सगळे '३४ ए' एकत्र करून '३४ बी' तयार होतो. मतदारसंघ २९०, केंद्रं ४० हजारांच्या वर. म्हणजे मतपेटी फुटायची गरजच नाही. केंद्रावरचा कागद आणि वरचा आकडा यांच्यामध्ये जो रस्ता आहे, तिथे काय होतं हा प्रश्न.

मतदान चांगलं झालं. लोक पहाटेपासून रांगेत उभे राहिले. पण टीव्हीवर आकडे धडाधड येऊ लागले तेव्हा त्यांच्यामागचे '३४ ए' फॉर्म मात्र दिसत नव्हते. ओडिंगांच्या बाजूने लगेच आक्षेप घेतला गेला.

१० ऑगस्टला, म्हणजे अधिकृत निकाल लागायच्या एक दिवस आधी, निरीक्षक मंडळांनी आपापली प्राथमिक निवेदनं जाहीर केली. कोण कोण होतं पाहा: कार्टर सेंटरकडून अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जॉन केरी, आफ्रिकी संघाकडून दक्षिण आफ्रिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी, राष्ट्रकुलाकडून घानाचे त्या वेळी माजी असलेले अध्यक्ष जॉन महामा, युरोपीय संघाकडून खासदार मारित्ये स्काके. सूर साधारण एकच होता. मतदान शांततेत आणि व्यवस्थित झालं, मतदानात हेराफेरीची चिन्हं दिसली नाहीत, ज्यांची तक्रार असेल त्यांनी रस्त्यावर न येता कायद्याच्या मार्गाने जावं.

तसं पाहिलं तर यात खोटं काही नव्हतं. प्राथमिक निवेदन आहे, आकडे एकत्र करण्याचं काम चालू आहे, हेही त्यांनी सांगितलं होतं. पण जगभर बातमी काय गेली? 'निरीक्षकांची मोहोर.' ११ ऑगस्टला केन्याटा ५४.२७ टक्के मतांनी विजयी घोषित झाले. ओडिंगांना ४४.७४ टक्के. अनेकांच्या लेखी विषय संपला.

आणि मग न्यायालय

ओडिंगा आधी कोर्टात जायला तयार नव्हते, शेवटी गेले. केनियाच्या राज्यघटनेप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाला १४ दिवसांत निकाल द्यावा लागतो. सुनावणीत बाहेर आलं की निकाल घोषित केला तेव्हा कित्येक हजार केंद्रांचे '३४ ए' फॉर्म वर पोचलेच नव्हते. न्यायालयाने संगणकाचे सर्व्हर तपासायला सांगितले, आयोगाने पूर्ण तपासू दिले नाहीत. काही फॉर्मवर सुरक्षाचिन्हं नव्हती.

१ सप्टेंबर २०१७ रोजी सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या न्यायालयाने ४ विरुद्ध २ मतांनी निवडणूक रद्द केली. आफ्रिकेत न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक रद्द करण्याची ही पहिलीच वेळ. सविस्तर निकालपत्रात निरीक्षकांबद्दलही एक परिच्छेद आहे. त्याचा आशय असा: बहुतेक निरीक्षकांनी केंद्रावरच्या मोजणीच्या पुढे जाऊन काही तपासलंच नाही, तेव्हा आकडे वर पाठवणं आणि निकाल घोषित करणं बरोबर होतं याचा पुरावा म्हणून त्यांचे अंतरिम अहवाल धरता येणार नाहीत.

वाचताना मला तर माझ्या चौथीतल्या मुलीचाच आवाज ऐकू आला.

मग निरीक्षक चुकले का?

यावर स्टाफरूममध्ये वाद घालून पाहा, छान रंगतो. माझं मत सांगते. त्यांनी पाहिलं ते बरोबर पाहिलं. चूक दोन ठिकाणी झाली. एक, जो भाग सगळ्यात नाजूक होता तो संपायच्या आत ते बोलले. दोन, २००७ चं रक्त आठवून शांतता राखणं हे त्यांच्या मनात इतकं वर होतं, की 'शांततेत पार पडली' आणि 'बरोबर पार पडली' यातली रेघ पुसट झाली. शांततेची काळजी वाटणं चूक नाही हो. पण साक्षीदाराने साक्ष देताना घरात भांडण होईल म्हणून शब्द मऊ केले, तर ती साक्ष कुणाच्याच कामाची राहत नाही.

आता एक अडचणीची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर पाठ एकतर्फी होईल. केनियातल्याच स्थानिक निरीक्षकांच्या एका गटाने नमुना म्हणून निवडलेल्या केंद्रांवरून समांतर मोजणी केली होती. त्यांचा अंदाज अधिकृत निकालाशी जुळत होता. म्हणजे कदाचित केन्याटा खरंच जिंकले असतील. न्यायालयाचं म्हणणं वेगळं होतं: उत्तर बरोबर असेल, पण रीत दाखवता आली नाही. निवडणूक म्हणजे एका दिवसाची घटना नव्हे, ती पूर्ण प्रक्रिया आहे, असं मरागा म्हणाले. गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहून पायऱ्या न दाखवणाऱ्या मुलाला आपण किती गुण देतो?

पुढे २६ ऑक्टोबरला फेरनिवडणूक झाली, ओडिंगांनी बहिष्कार टाकला, केन्याटा ९८ टक्के मतांनी निवडून आले आणि मतदान चाळीस टक्केही झालं नाही. सुखांत म्हणता येणार नाही.

एकाच निवडणुकीबद्दल दोन साक्षी

सगळे निरीक्षक सारखे नसतात, हेही पालकांनी लक्षात घ्यावं. नोव्हेंबर २००४ मध्ये युक्रेनमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची दुसरी फेरी झाली. युरोपातल्या सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या निरीक्षकांनी ती लोकशाहीच्या निकषांत बसत नाही असं सांगितलं. रशियासह जुन्या सोव्हिएत देशांच्या राष्ट्रकुलाच्या निरीक्षकांनी तीच फेरी वैध ठरवली. ३ डिसेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. तेव्हा 'आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी प्रमाणपत्र दिलं' अशी बातमी वाचली की आधी विचारायचं: कुणी पाठवलेले? किती दिवस राहिले? मोजणीला होते का? आणि कोणत्या दिवशी बोलले?

आपल्याला काय माहीत आहे

इथे आपली शिक्षक मंडळी इतरांपेक्षा पुढे आहेत. निवडणूक ड्युटी केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की पहाटे अभिरूप मतदान घ्यावं लागतं, आणि संध्याकाळी केंद्राध्यक्षाला नमुना १७ क, म्हणजे नोंदवलेल्या मतांचा हिशोब, भरून त्याची प्रत मतदान प्रतिनिधींना द्यावी लागते. कंबर मोडलेली असते, बस खाली हॉर्न वाजवत असते, आणि तो कागद भरताना जीव नकोसा होतो. केनियाचं प्रकरण वाचल्यापासून मी तो कागद कंटाळून भरत नाही. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा याच कागदाशी ताडून बघता येतो.

आपल्या देशात परदेशी निरीक्षक मंडळं त्या अर्थाने येत नाहीत. आयोग दुसऱ्या देशांच्या निवडणूक संस्थांना पाहुणे म्हणून बोलावतो. २०२४ च्या लोकसभेला २३ देशांतून ७५ प्रतिनिधी आले होते, त्यांतले काही आपल्या महाराष्ट्रात आणि गोव्यातही फिरले. उलट बाजूही सांगण्यासारखी आहे: भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना १९५३ मध्ये सुदानच्या पहिल्या निवडणुकीसाठी तिथल्या आंतरराष्ट्रीय निवडणूक आयोगाचे अध्यक्ष म्हणून बोलावलं होतं.

आणि केनिया? २०२२ च्या निवडणुकीत त्यांच्या आयोगाने ४६ हजारांहून अधिक केंद्रांचे '३४ ए' फॉर्म सरळ संकेतस्थळावर टाकले. कुणीही उतरवून घ्यावेत, बेरीज करावी. वर्तमानपत्रांनी स्वतः बेरजा केल्या. विल्यम रुटो ५०.४९ टक्क्यांनी निसटते जिंकले, ओडिंगा पुन्हा कोर्टात गेले, आयोगाच्या सातपैकी चार सदस्यांनीच निकालापासून अंग काढून घेतलं, एवढा गोंधळ. तरी या वेळी न्यायालयाने एकमताने निकाल कायम ठेवला, कारण तपासायला कागद सगळ्यांसमोर होते.

वर्गात असं घेता येईल

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून त्या चिठ्ठ्या काढल्या. सगळ्या वर्गासमोर एकेक उघडली, फळ्यावर ताळ्याच्या खुणा केल्या. तिसरीच्या गणितातल्या त्या खुणांचा इतका चांगला उपयोग याआधी कधी झाला नव्हता. दोन चिठ्ठ्या एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या, म्हणजे ऑफिसातल्या माझ्या मोजणीत एक मत कमी पडलं होतं. निवडून आलेला मुलगा तोच राहिला.

तुम्ही घेणार असाल तर निरीक्षक तीन जागी नेमा: एक रांगेपाशी, एक मोजणीपाशी, आणि एक फळ्यापाशी, जो चिठ्ठीवरचं नाव आणि फळ्यावरची खूण जुळते का तेवढंच पाहील. शेवटी प्रत्येकाकडून लिहून घ्या: 'मी काय पाहिलं' आणि त्याखाली 'मी काय पाहिलं नाही'. दुसरा रकाना मुलांना अवघड जातो, त्याला जास्त वेळ द्या. आणि मोजणी मधल्या सुट्टीत ठेवू नका.